त्याच रचनेचे पुन्हा नवे ध्वनिमुद्रण कशासाठी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची (एका छोट्या मूळ रचनेची कळफलकाच्या वाद्यासाठीची तीस रूपे) किंवा बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) एकाहून एक नावाजलेली ध्वनिमुद्रणे उपलब्ध असताना दरवर्षी त्यांत नवी भर का पडते, त्यांतली ऐकण्याजोगी कोणती हे नवख्या श्रोत्याने कसे ओळखावे, आणि आपल्या कानांवर पडते त्यात कलाकाराचे किती व तंत्रज्ञांचे किती. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की त्यांची वेगवेगळी उत्तरे देणे मला जमणार नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांत निर्माता म्हणून, म्हणजे कलाकार सभागृहात वाजवत असताना शेजारच्या खोलीत स्वरलिपी पुढे ठेवून ऐकत बसणारा माणूस म्हणून, मी बराच काळ काम केले आहे, आणि पुढील उत्तर त्या खोलीतल्या अनुभवावर आधारलेले आहे.

कलाकार वाजवतो आणि यंत्र ते टिपून घेते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात पहिला सूर उमटण्यापूर्वीच निम्मे निर्णय झालेले असतात : स्वरलिपीची कोणती आवृत्ती घ्यायची, वाद्य कोणत्या काळाचे व कोणत्या पट्टीत मिळवलेले असावे, स्वरलिपीत ‘पुन्हा वाजवा’ अशी खूण असलेल्या भागांच्या पुनरावृत्ती किती घ्यायच्या, सभागृह कोणते, मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर. या निर्णयांपैकी निदान एक तरी श्रोत्याला स्पष्ट ऐकू येत असेल, तर त्या नव्या ध्वनिमुद्रणाला अस्तित्वाचा हक्क आहे असे मी मानतो. तसा एकही निर्णय ऐकू येत नसेल, तर मुखपृष्ठावर कितीही मोठे नाव असले तरी ते ध्वनिमुद्रण आधीच्या ढिगात नुसती भर घालते. दरवर्षी येणाऱ्यांपैकी बरीचशी ध्वनिमुद्रणे या दुसऱ्या प्रकारची असतात, हेही आडपडदा न ठेवता सांगायला हवे.

पहिला मुद्दा संहितेचा. तीन शतकांपूर्वीच्या रचनेची स्वरलिपी एकदाच ठरून गेली आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ती सतत तपासली जाते, आणि त्या तपासणीचे पडसाद थेट ध्वनिमुद्रणांत उमटतात. ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १७४१ मध्ये छापून प्रसिद्ध झाल्या. त्या छापील आवृत्तीची बाखच्या स्वतःच्या वापरातली प्रत, त्याने स्वहस्ते केलेल्या दुरुस्त्यांसह, १९७० च्या दशकात स्ट्रासबूर्ग येथे उजेडात आली. तिच्यात सातव्या व्हेरिएशनवर ‘जीगच्या लयीत’ अशी सूचना त्याने हाताने लिहिलेली आढळली, तर पंचविसाव्यावर ‘अदाजिओ’, म्हणजे संथ, असे लिहिलेले आढळले. जीग हे चपळ नृत्य आहे. तोवर सातवे व्हेरिएशन संथ, डुलत्या चालीचे मानून वाजवणारे अनेक जण होते, आणि छापील पानावर लयीची सूचनाच नसल्यामुळे त्यांना चूक म्हणण्याचीही सोय नव्हती. ही प्रत सापडल्यानंतरच्या ध्वनिमुद्रणांत हा भाग बहुधा खेळकर, टोकदार होऊन येतो. एखाद्या नव्या वादकाने तो मुद्दाम संथ ठेवला असेल, तर तो आता अजाणतेपणा उरत नाही; बाखची सूचना माहीत असून त्याने ती बाजूला ठेवली आहे, आणि का, हे आपण त्याच्या वादनातूनच शोधायचे असते. बीथोव्हनच्या नऊ सिंफनींच्या बाबतीतही असेच घडले. संगीतसंशोधक जोनाथन डेल मार यांनी हस्तलिखिते, नकलनविसांच्या प्रती आणि पहिल्या छापील आवृत्त्या ताडून पाहून सिद्ध केलेली नवी संहिता बेरेनरायटर या प्रकाशनसंस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध केली, आणि संचालक डेव्हिड झिनमन यांनी झुरिकच्या टोनहाले वाद्यवृंदासह ती लगोलग ध्वनिमुद्रित केली. तो संच स्वस्तात विकला गेला, म्हणून काही जाणकारांनी सुरुवातीला त्याकडे नाक मुरडले. माझ्या मते त्या दशकातल्या सर्वांत उपयुक्त ध्वनिमुद्रणांपैकी ते एक आहे, कारण परिचित संगीतातल्या कितीतरी जागा तिथे वेगळ्या ऐकू येतात.

आता लय आणि लांबी यांकडे वळू. यांत श्रोत्यांची गफलत फार होते. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी ‘गोल्डबर्ग’ दोनदा स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले, १९५५ मध्ये आणि १९८१ मध्ये. दोन्ही वेळा न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या त्याच स्टुडिओत. पहिले सुमारे साडेअडतीस मिनिटांचे आहे, दुसरे सुमारे एक्कावन्न मिनिटांचे. या आकड्यांवरून ‘तरुणपणी वेगवान, उतारवयात संथ’ असा निष्कर्ष झटकन काढला जातो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणात गूल्ड यांनी एकही पुनरावृत्ती घेतलेली नाही. दुसऱ्यात काही व्हेरिएशन्सच्या पूर्वार्धाची पुनरावृत्ती घेतली आहे. म्हणजे वाढीव मिनिटांतला काही भाग निव्वळ पुनरावृत्तीचा आहे. खरी तुलना करायची असेल तर सुरुवातीची आरिया, म्हणजे जिची ही सगळी रूपे आहेत ती मूळ रचना, ऐकावी, कारण तिथे दोन्हींत पुनरावृत्ती नाही : १९५५ मध्ये ती दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ मध्ये तिला तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेच सूर, तोच वादक, आणि मधल्या सव्वीस वर्षांत प्रत्येक सुराला मिळालेला अवकाश दीडपटीहून अधिक वाढलेला. दुसरे ध्वनिमुद्रण १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूल्ड यांचे निधन झाले. त्यामुळे त्या संथपणात निरोप ऐकण्याची रीत पडली आहे. मला स्वतःला तिथे निरोपापेक्षा हिशेब अधिक ऐकू येतो, कारण एका व्हेरिएशनच्या ठोक्याचे पुढच्याच्या ठोक्याशी गणिती नाते ठेवण्याचा त्यांचा आग्रह जागोजागी जाणवतो.

पुनरावृत्तींचा निर्णय दुसऱ्या टोकाला गेला की काय होते, ते हार्पसिकॉर्ड या पियानोपूर्व कळफलकवाद्याचे वादक जाँ राँदो यांच्या २०२२ च्या ध्वनिमुद्रणात ऐकावे. ते पावणेदोन तासांच्या आसपासचे आहे. सर्व पुनरावृत्ती घेतल्या आहेतच, शिवाय दुसऱ्या फेरीत अलंकार बदललेले आहेत आणि दोन सुरांमधल्या शांततेला भरपूर वाव दिला आहे. वांडा लांडोव्स्का यांनी १९३३ मध्ये ही रचना प्रथमच हार्पसिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केली, तेव्हा एका तबकडीच्या बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत असल्याने असा विस्तार कुणाच्या मनातही आला नसता. माध्यमाची मर्यादा कलाकाराच्या निर्णयात किती खोल शिरते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात सभागृह आणि मायक्रोफोन यांचा वाटा लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ मोठा असतो. १९५४ मध्ये डेक्का कंपनीच्या तंत्रज्ञांनी स्टीरिओसाठी मायक्रोफोनची एक मांडणी विकसित केली, ती ‘डेक्का ट्री’ या नावाने आजही वापरात आहे : संचालकाच्या डोक्याच्या किंचित मागे, जमिनीपासून बरेच उंच, तीन मायक्रोफोन, त्यांतले दोन डाव्या-उजव्या बाजूला आणि तिसरा त्यांच्या मध्ये पण वाद्यवृंदाच्या दिशेने पुढे काढलेला. हे मायक्रोफोन सर्व दिशांचा ध्वनी घेतात, त्यामुळे वाद्यांबरोबर सभागृहही ध्वनिमुद्रित होते. याउलट प्रत्येक वाद्यगटाजवळ स्वतंत्र मायक्रोफोन ठेवून नंतर त्यांचे मिश्रण केले, तर ओबो या फुंकवाद्याचे एखादे एकल स्वरवाक्य हवे तितके पुढे आणता येते. मात्र मग तो वादक वाद्यवृंदात बसून वाजवतो आहे की श्रोत्याच्या मांडीवर, असा प्रश्न पडतो. कोणती पद्धत वापरली हे ओळखण्यासाठी मोठ्या आवाजाचा स्वरमेळ अचानक थांबतो अशी जागा शोधावी आणि त्यानंतरची दोन-तीन सेकंदे ऐकावीत. तिथे सगळी वाद्ये एकाच हवेत विरत असतील तर मुख्य ध्वनी दूरच्या मायक्रोफोनचा आहे. निरनिराळी वाद्ये निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या अंतरांवरून विरत असतील तर मिश्रण नंतर जुळवलेले आहे.

एकाच सभागृहाला धरून राहिल्याने काय साधते, ते संचालक मासाआकी सुझुकी आणि त्यांचा वादक-गायकवृंद बाख कोलेगियम जपान यांच्या कार्यात दिसते. बाखच्या धार्मिक कँटाटांचा (गायक व वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांचा) त्यांचा संच १९९५ ते २०१३ या काळात बिस या स्वीडिश संस्थेसाठी पूर्ण झाला. पंचावन्न खंडांचे हे काम कोबे येथील एका विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात झाले, आणि त्या वास्तूची गुंज गायकांच्या इतकी अंगवळणी पडली की शब्द कुठे सोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा हे ते भिंतींच्या उत्तरावरून ठरवतात, असे ऐकताना वाटते. याच्या नेमके उलट तत्त्व निर्माते जॉन कलशॉ यांचे होते. गेओर्ग शोल्टी यांच्या संचालनाखाली १९५८ ते १९६५ या काळात व्हिएन्नात वाग्नरचे चार ऑपेरांचे महाकाय ‘रिंग’ चक्र ध्वनिमुद्रित करताना, प्रत्यक्ष रंगमंचावर जे नीट ऐकूच येत नाही ते श्रोत्याच्या कानांपुढे उभे करायचे, असे त्यांनी ठरवले. वाग्नरने पहिल्या ऑपेरात अठरा ऐरणी मागितल्या आहेत; नाट्यगृहांत बहुधा त्यांची काहीतरी तडजोड केली जाते, कलशॉ यांनी अठरा मिळवल्या. दोन्ही तत्त्वे मला मान्य आहेत. मान्य नाही तो मधला मार्ग, ज्यात सभागृह नावापुरते घेतले जाते आणि नंतर कृत्रिम गुंज मिसळून त्याला हवे तसे मोठे केले जाते.

संपादनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘तुकडे जोडून केलेले’ हा शेरा अनेकदा तुच्छतेने मारला जातो. वादक एखादा भाग पुन्हा वाजवतो, त्या प्रत्येक वेळेला ‘टेक’ म्हणतात आणि प्रत्येक टेकला क्रमांक असतो. निर्मात्याच्या स्वरलिपीत प्रत्येक मात्राखंडावर पेन्सिलीने खुणा होत जातात : चौदाव्या टेकमध्ये इथे डावा हात उशिरा पडला, सोळाव्यात हा वाक्यांश सर्वांत सुंदर पण शेवटी खुर्ची करकरली, सतराव्यात सगळे स्वच्छ पण निर्जीव. संपादनात दोन टेक जोडताना सांधा शक्यतो नव्या सुराच्या आघातावर घेतात, कारण पियानोच्या हातोडीचा तारेवरचा आघात काही मिलिसेकंदांचा तो जोड झाकून टाकतो. खरी अडचण असते ती पियानोच्या पेडलची. पेडल दाबलेले असेल तर आधीच्या चार सुरांचा अनुनाद पुढच्या सुराखाली रेंगाळत असतो, आणि दोन टेकमधला तो अनुनाद तंतोतंत सारखा कधीच नसतो. म्हणूनच दुरुस्तीसाठी एखादी जागा पुन्हा वाजवून घ्यायची असेल तर वादकाला सात-आठ मात्राखंड आधीपासून सुरुवात करायला सांगावे लागते, आणि तेही मूळच्याच वजनाने. सगळे आटोपल्यावर सभागृहात कुणीही न हलता काही वेळ नुसती शांतता ध्वनिमुद्रित करून घेतली जाते. दोन भागांच्या मधल्या जागेत ती घातली नाही, तर तिथे ध्वनीत भोक पडल्यासारखे वाटते.

यात फसवणूक आहे का? माझ्या मते कलाकाराला एकदाही जमले नाही ते जोडून ‘जमवणे’ ही फसवणूक आहे. त्याला पाच वेळा जमले त्यांतले सर्वांत बोलके निवडणे ही निवड आहे. शंका येण्याची ठिकाणे ठरलेली आहेत : गायकाचा श्वास जिथे यायला हवा तिथे येत नाही, वाक्याच्या मध्येच लय नकळत अर्धा पाऊल बदलते, किंवा व्हायोलिनचा पोत एका सुरापासून पुढच्या सुराला निराळा होतो. ‘प्रत्यक्ष मैफलीतील’ असे छापलेले असले तरी ते एकाच संध्याकाळचे असते असे नाही. बहुतेक वेळा लागोपाठच्या दोन-तीन प्रयोगांतून निवड केलेली असते, आणि श्रोते निघून गेल्यावर घेतलेले काही दुरुस्तीचे टेकही त्यात असतात. लंडन सिंफनी आणि बर्लिन फिलहार्मोनिक यांसारख्या वाद्यवृंदांनी स्वतःच्याच ध्वनिमुद्रण-संस्था काढल्यापासून ही पद्धत रूढ झाली आहे, कारण शंभर वादकांना निव्वळ स्टुडिओसाठी एकत्र बसवण्याचा खर्च आता फार थोड्यांना परवडतो.

कलाकारांविषयी बोलताना मी नेहमी एक गोष्ट पाहतो : ती रचना कलाकाराच्या बोटांत किती दिवस मुरली आहे. पियानोवादक व्हिकिंगर ओलाफसन यांचे ‘गोल्डबर्ग’ २०२३ मध्ये डॉइच ग्रामोफोन या संस्थेने प्रसिद्ध केले आणि पुढचा संपूर्ण हंगाम ते हीच एक रचना घेऊन जगभर फिरले. ध्वनिमुद्रण उत्तम आहे, त्याला २०२५ चा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. तरीही तो दौरा आधी आणि ध्वनिमुद्रण नंतर झाले असते तर काय हाती लागले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. प्रकाशनाचे वेळापत्रक बहुधा उलट क्रमाने चालते, कारण नवी ध्वनिमुद्रिका हातात असली की दौऱ्याला निमित्त मिळते. व्हायोलिनवादक हिलरी हान यांनी बेल्जियन संगीतकार इझाईच्या सहा एकल व्हायोलिन सोनाटा २०२३ मध्ये, म्हणजे त्या रचनांच्या शताब्दीच्या वर्षी आणल्या. त्यांचे गुरू याशा ब्रॉडस्की हे स्वतः इझाई यांचे शिष्य होते, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातही घराण्याची तालीम असते ती अशी. आणि त्या ध्वनिमुद्रणात अवघड जागाही अवघड म्हणून सादर होत नाहीत. युनचान लिम यांनी २०२२ मध्ये अठराव्या वर्षी व्हॅन क्लायबर्न ही पियानोस्पर्धा जिंकली आणि शोपँच्या ओपस (रचनासंग्रह) १० व २५ मधील चोवीस एट्यूड्स, म्हणजे तंत्राच्या सरावासाठीच्या रचना, त्यांनी डेक्कासाठी ध्वनिमुद्रित केल्या; त्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एट्यूड्स छोट्या आणि कठीण असल्याने तिथे संपादनाचा मोह सर्वाधिक असतो. म्हणून वेगवान एट्यूड्सवरून मत बनवू नये. ओपस २५ मधील सातवी ऐकावी, जिच्यात मुख्य गाणे डाव्या हातात आहे आणि वेग लपायला जागाच देत नाही. तिथे लिम डाव्या हाताला खरोखर गाऊ देतात आणि उजव्याला उत्तर देण्यापुरताच ठेवतात.

ज्या ध्वनिमुद्रणांना मी सर्वांत जास्त मोल देतो ती मात्र परिचित रचनांची नव्हेतच. अमेरिकन संगीतकार फ्लोरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी १९३३ मध्ये शिकागो सिंफनी वाद्यवृंदाने सादर केली. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी सादर करण्याचा तो पहिला प्रसंग होता. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बरेचसे संगीत विस्मरणात गेले. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातील सेंट अॅन या गावी एका पडक्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. त्यात दोन व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकल व्हायोलिन व वाद्यवृंद यांच्या रचना) आणि चौथी सिंफनी होती. त्या चौथ्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण जॉन जेटर यांच्या संचालनाखाली फोर्ट स्मिथ सिंफनी या तुलनेने लहान वाद्यवृंदाने नॅक्सॉस या ध्वनिमुद्रण-संस्थेसाठी केले. संचालक यानिक नेझे-सेगँ आणि फिलाडेल्फिया वाद्यवृंद यांनी पहिली व तिसरी सिंफनी २०२१ मध्ये आणली आणि २०२२ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. बडी मंडळी मागाहून आली, वाट आधी लहानांनी पाडली होती, आणि हा क्रम या क्षेत्रात नेहमीचा आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी फार मोठी असते. श्रोत्याजवळ तुलनेला दुसरे काहीच नसल्यामुळे, संचालकाने एखादा भाग रेंगाळवला तर ती रचनाच रटाळ असल्याचा शिक्का बसतो आणि पुढची कितीतरी वर्षे पुसला जात नाही. त्यामुळे अशा रचनेचे दुसरे आणि तिसरे ध्वनिमुद्रण ‘गोल्डबर्ग’च्या आणखी एका ध्वनिमुद्रणापेक्षा कितीतरी गरजेचे असते.

नावाच्या प्रभावाबद्दल एकच प्रसंग सांगतो. जॉइस हॅटो या इंग्रज पियानोवादिकेच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या असंख्य ध्वनिमुद्रिकांची समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली होती. २००७ मध्ये एका श्रोत्याने त्यांतली एक तबकडी संगणकात घातली, तेव्हा कालावधींवरून तबकडी ओळखणाऱ्या माहितीसंग्रहाने भलत्याच वादकाचे नाव दाखवले. तपास झाला, आणि इतरांची ध्वनिमुद्रणे तिच्या नावाने खपवली गेल्याचे तिच्या पतीने मान्य केले. वृद्धापकाळी आजाराशी झुंजत वाजवणारी कलावती, ही कहाणी लोकांनी आधी ऐकली होती आणि संगीत नंतर.

तेव्हा तुलना करताना शक्य असल्यास नाव न पाहता ऐकावे, एकाच रचनेतला दोन मिनिटांचा तोच भाग निवडावा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी. किंचित मोठ्याने वाजणारे ध्वनिमुद्रण आपल्याला ‘मोठे’ न वाटता ‘चांगले’ वाटते, आणि या सापळ्यात आम्ही व्यावसायिकही अडकतो. माहितीपुस्तिका मिळाली तर निर्माता, ध्वनितंत्रज्ञ, स्थळ, तारखा आणि संहितेची आवृत्ती हे तपशील आवर्जून वाचावेत. स्ट्रीमिंगच्या ॲपवर ते बहुधा सापडत नाहीत. मात्र अनेक ध्वनिमुद्रण-संस्था आपल्या संकेतस्थळांवर पुस्तिका मोफत ठेवतात. आपण विचारलेल्या दोन रचनांपुरते सांगायचे, तर ‘गोल्डबर्ग’साठी गूल्ड यांच्या दोन्ही आरिया लागोपाठ ऐकून मग राँदो आणि ओलाफसन यांचे सातवे व पंचविसावे व्हेरिएशन ऐकावे, पाचव्या सिंफनीसाठी कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९७४ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण आणि झिनमन यांचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून फक्त पहिला भाग ऐकावा, आणि मगच यंदाच्या नव्या ध्वनिमुद्रणाकडे वळावे.